कागद ओला असताना

हातकागदावर काढलेलं चित्र आणि हातकागदाचंच केलेलं चित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीशी आपली चांगली ओळख आहे. खरबरीत, विसविशीत कडांचा जाडसर ताव घ्यायचा, त्यावर जलरंग सोडायचा आणि बघणाऱ्याने रंगाबरोबर कागदालाही दाद द्यायची. दुसऱ्या प्रकारात कागद आधी आणि चित्र मागून असा क्रमच नसतो. दोन्ही एकाच वेळी घडतात, तेही लगदा ओला आहे तोवर. शिवाय कलावंत तिथे एकटा नसतो. हौदाशी दुसराच माणूस उभा असतो. कलावंताने आयुष्यात जेवढे ताव रंगवले असतील, त्याहून कितीतरी जास्त या माणसाने उचललेले असतात.

अशा कामासमोर उभं राहिल्यावर मी एक गोष्ट शोधत असतो. कलावंताने कुठे हात आवरला आणि पुढचं काम कुणाच्या हवाली केलं? हौदावरच्या कारागिराच्या, पाण्याच्या, की वाळवणीच्या उन्हाच्या? ही हवाली कुठे झाली ते कागदात वाचता येतं. सही पाहून ते कळत नाही.

वाचायचं कसं, हे कळायला हौदात काय चालतं ते थोडं माहीत हवं. सुती चिंध्या कापून, भिजवून बीटरमध्ये कुटतात. किती वेळ कुटायचं यावर कागदाचा सगळा स्वभाव ठरतो. थोडं कुटलं तर कागद मऊ, फुगीर आणि शोषणारा होतो. पुष्कळ कुटलं तर तो कडक आणि खुळखुळीत होतो, उजेड थोडा आरपार जाऊ देतो आणि वाळताना जास्त आकसतो. हौदात बहुतेक पाणीच असतं, तंतू नावापुरते. साचा त्यात बुडवून वर काढताना कारागीर एक छोटा हेलकावा देतो. त्या क्षणी तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि पाणी जाळीतून निथळून जातं. तंतू धरून ठेवायला डिंक लागत नाही. पाणी उडून जाताना ते आपले आपणच एकमेकांना धरतात. चौकटीच्या फटीतून झिरपलेला लगदा कडेला पातळ होत जातो, त्यानेच ती विसविशीत कड तयार होते. जाणकार आधी कड बघतो ते यासाठी. कड कापलेली असेल तर कारागिराचा निम्मा जबाब गेला म्हणायचा.

आता रॉबर्ट राउशेनबर्ग. हा टेक्ससमध्ये १९२५ साली जन्मलेला अमेरिकन चित्रकार. रस्त्यावरची अडगळ, पेंढा भरलेली बकरी, मोटारीचा टायर, असं काहीही चित्रात आणून बसवणारा. त्याने १९७३ साली फ्रान्समधल्या आंबेर गावाजवळच्या रिशार द बा या जुन्या कागदगिरणीत काम केलं. सोबत होता मुद्रक केनेथ टायलर. पुढे हे नाव पुन्हा येणार आहे. तिथून ‘पेजेस अँड फ्यूजेस’ ही मालिका निघाली. ‘पेजेस’मधल्या कामांना रंग नाही. पांढरट लगदा, त्याला दिलेला आकार, मधे कुठे सुतळी, कुठे चिंधी. ‘फ्यूजेस’मध्ये रंगवलेला लगदा आहे आणि तलम कागदावर छापलेल्या लहान लहान प्रतिमा त्या लगद्यात ओल्यातच बसवल्या आहेत. मला ‘पेजेस’ अधिक भावतात. ‘फ्यूजेस’मधल्या छापील प्रतिमा म्हणजे राउशेनबर्गच्या जुन्या सवयीचा हट्ट वाटतो. लगद्याने त्या अर्ध्या गिळल्या आहेत आणि गिळल्यात तेच बरं झालं.

दोन वर्षांनी, १९७५च्या मे महिन्यात, तो अहमदाबादला आला. शहर त्याला नवं नव्हतं. मर्स कनिंगहॅमच्या नृत्यमंडळीबरोबर १९६४ साली तो येऊन गेला होता. अहमदाबादच्या गिरणीमालक साराभाई कुटुंबाचा या मंडळींशी संबंध त्याहूनही जुना. गीता साराभाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये कनिंगहॅमचे सहकारी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. या खेपेला साराभाईंचा पाहुणा म्हणून आलेला राउशेनबर्ग आपल्याबरोबर लॉस एंजेलिसच्या जेमिनाय या छापखान्याची माणसं घेऊन आला. काम करायचं होतं गांधींच्या आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात. गिरण्यांच्या, कापडाच्या शहरात भर उन्हाळ्यात, चिंध्यांपासून कागद करणाऱ्या जागी. तिथून ‘युनियन्स’ आणि ‘बोन्स’ अशा दोन मालिका तयार झाल्या.

‘युनियन्स’चं मुख्य द्रव्य म्हणजे चिखल आणि लगदा यांचं मिश्रण. कागदाच्या लगद्यात माती, मेथीची पूड, चिंचोक्याचं पीठ, खडूची पूड, डिंक आणि मोरचूद. पाश्चात्त्य समीक्षकाला ही यादी जादूटोण्याच्या पुस्तकातली वाटली असेल. मराठी वाचकाला ती वाण्याच्या आणि गवंड्याच्या दुकानातली वाटेल. चिंचोक्याची खळ आपल्याकडे घोंगडीला देतात. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गुळाबरोबर मेथी पडत असे. मोरचूद द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातून रोगावर फवारतात. म्हणजे या यादीतला प्रत्येक पदार्थ कामाला लागलेला आहे. एक धरून ठेवतो, एक अंग भरतो, एक कीड-बुरशी दूर ठेवतो. मातीच्या भिंती बांधणाऱ्यांचं ज्ञान कागद करणाऱ्यांच्या ज्ञानाला येऊन मिळालं आणि त्यातून कागदही नाही, भिंतही नाही, असं काहीतरी तयार झालं.

त्या मातकट, जड आकारांत बांबू रोवलेले आहेत, दोर ओवलेले आहेत, काही कामांत झगझगीत रेशीम लोंबतं. नावं आहेत ‘कॅपिटॉल’, ‘कोरम’, ‘अ‍ॅलाय’, ‘जंक्शन’, ‘क्वारी’. बहुतेक एकत्र येण्याची, जमण्याची नावं. (महिनाभरातच देशात आणीबाणी लागली. ‘कोरम’ आणि ‘कॅपिटॉल’ ही नावं पाहून एखाद्याला तिकडे ओढ घ्यावीशी वाटेल. पण तो निव्वळ योगायोग आहे आणि रसग्रहणात योगायोगाला साक्षीदार म्हणून उभं करू नये.)

‘युनियन्स’बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. द्रव्य अप्रतिम आहे. चिखलातला तंतू वाळताना माती फुटू देत नाही, तरी पृष्ठभागावर बारीक भेगांची शक्यता जागी ठेवतो. त्यामुळे ते आकार जुने वाटत नाहीत, वापरलेले वाटतात. पण रेशीम आलं की मी सावध होतो. अहमदाबादच्या गरिबीशेजारी कापडाचं वैभव पाहून राउशेनबर्ग हरखून गेला होता. ते प्रामाणिक होतं, पण चिखलावर रेशीम टांगणं हा त्या हरखण्याचा फार सोपा उच्चार आहे. विरोध आधीच ठरवून मांडला की द्रव्याला बोलायला जागा उरत नाही. जिथे फक्त माती आणि दोर आहे, तिथे काम खरं ताकदीचं होतं. दोर ओल्या लगद्यातून गेलेला, लगदा त्याच्याभोवती वाळून घट्ट झालेला. गाठ मारली ती माणसाने, आवळली ती वाळवणीने. हवाली इथे झाली आहे, आणि ती दिसते.

‘बोन्स’ मालिका वरवर पाहता दुबळी वाटते. एरवी प्रदर्शनात बघणारा ‘युनियन्स’पाशी थांबेल आणि ‘बोन्स’वरून पुढे जाईल. पण या दोघींत मोठी ही, असं माझं मत आहे. कागदाच्या दोन ओल्या तावांमध्ये बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे ठेवलेले, आणि ते ताव एकमेकांवर दाबून एकजीव केलेले. बस्स, एवढंच. मालिकेचं नाव जुगाराच्या फाशांवरून आलेलं आणि ‘हार्ड एट’, ‘लिटल जो’ ही नावं फाशांच्या दानांची. दान काय पडेल ते टाकणाऱ्याच्या हातात नसतं, ही गोष्ट इथे नुसती सूचना म्हणून राहत नाही, कृतीत उतरते.

कामट्या पाहून पतंगाची आठवण होणारच, आणि अहमदाबादेत तर नक्कीच. पण पतंगाचा कागद आधी वाळलेला असतो आणि कामटी मागून चिकटवतात. इथे कागद कामटीभोवतीच जन्मतो. ओला ताव वाळताना आकसतो, बांबू आकसत नाही. या ओढाताणीत कागदावर सुरकुत्या उमटतात, कामटीच्या दोन्ही बाजूंना थोडा फुगवटा येतो, टोकाशी कागद तंग होऊन पातळ दिसतो. यातली एकही सुरकुती राउशेनबर्गने काढलेली नाही. कामटी कुठे ठेवायची, एवढं त्याने ठरवलं. ताव किती जाड उचलायचा, ते हौदावरच्या कारागिराच्या मनगटाने ठरवलं. किती आकसायचं, ते बीटरने आणि मे महिन्यातल्या अहमदाबादच्या हवेने. कापडाचे तुकडे तर आत अर्धे बुडालेले आहेत. त्यांचा रंग कागदातून झिरपल्यासारखा वर येतो, कुठे पूर्ण, कुठे नुसता संशय यावा एवढा. ‘युनियन्स’मध्ये रेशीम दाखवायला टांगलं होतं. इथे कापडाला कागदाने सामावून घेतलं आहे. शेवटी चिंधी हीच कागदाची आई. लगदा होऊ घातलेली चिंधी आणि लगदा न झालेली चिंधी या दोन सख्ख्या बहिणी त्या तावात शेजारी शेजारी निजल्या आहेत. असा अर्थ राउशेनबर्गला अभिप्रेत होता का, याने मला फरक पडत नाही. तो द्रव्यातच आहे.

छापील पुस्तकात ‘बोन्स’ पाहू नये. कॅमेरा समोरून उजेड टाकतो आणि सगळे उंचवटे सपाट करून टाकतो. या कामांना तिरपा उजेड लागतो.

आता टायलरकडे येऊ. त्याने पुढे न्यूयॉर्कजवळच्या बेडफर्ड व्हिलेजमध्ये स्वतःची कार्यशाळा थाटली. लगद्याने चित्र करण्याचं वेड त्याने चित्रकारांच्या एका पिढीला लावलं. एल्सवर्थ केलीसारखा काटेकोर कडांचा माणूस त्याच्या तावडीत सापडला आणि ‘कलर्ड पेपर इमेजेस’ करून बसला. केलीचे रंगाकार म्हणजे धार लावलेले. इथे मात्र एका रंगाचा लगदा दुसऱ्यात थोडा पाझरला आहे. ज्याने आयुष्यभर कडा सांभाळल्या त्याच्या कडा पाण्याने हलवल्या. ही कामं बघून १९७८ साली इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी लॉस एंजेलिसला निघालेला वाटेतच थांबला.

ऑगस्ट ते ऑक्टोबर तो तिथे राहिला आणि ‘पेपर पूल्स’ ही २९ कामांची मालिका झाली. विषय होता टायलरच्या अंगणातला पोहण्याचा तलाव. नुकताच उचललेला ओला ताव, त्यावर धातूच्या पट्ट्यांनी आखलेले आकार, त्यांत ओतलेला रंगीत लगदा. मग पट्ट्या काढायच्या आणि ओल्यातच आणखी रंग सोडायचा. त्यासाठी पळी, पिचकारी, फणी, जे हाताला लागेल ते. शेवटी सगळं दाबयंत्राखाली. हॉकनी, टायलर आणि मदतनीस रबरी बूट घालून पाण्यात उभे. पाण्याची चित्रं पाण्यानेच झाली हे सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण मला त्यात दुसरंच काही मोलाचं वाटतं.

ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात असलेलं ‘ल प्लाँझर’ घ्या. बारा ताव जोडून केलेलं चार मीटरहून लांब चित्र. सूर मारून पाण्यात गेलेला माणूस, त्याचं पाण्याखाली मोडलेलं, लांबटलेलं अंग. तावांच्या सांध्यांची जाळी संपूर्ण चित्रावर पसरलेली, देहावरूनही गेलेली. कॅनव्हासवर हॉकनीने अशी जाळी मुद्दाम काढली असती तर ती युक्ती वाटली असती. इथे ती आली आहे हौदाच्या, दाबयंत्राच्या आणि माणसाच्या हातांच्या मापावरून. माणसाला ओला ताव न फाडता जेवढा उचलता येतो तेवढाच ताव होतो. म्हणजे तलावाच्या चित्राचं एकक हे कागद उचलणाऱ्या हातांची पोच आहे. शिवाय शेजारच्या दोन तावांतला निळा कधीच तंतोतंत जुळत नाही. प्रत्येक ताव वेगळा ओतलेला, वेगळा दाबलेला. खऱ्या पाण्यातही निळा कुठे सारखा असतो?

तरी हॉकनीच्या बाबतीत हवाली पूर्ण झालेली नाही. तो लगद्याला रंग म्हणून वापरतो, फार आनंदाने आणि फार हुशारीने वापरतो, पण शेवटी तो चित्रच रंगवत असतो. द्रव्य त्याच्या इच्छेच्या मागे पळतं. तलाव सुंदर झाला आहे. कागदाच्या मनात तलाव होता की नाही, हे त्याने विचारलेलं नाही.

उलट टोकाला सोमनाथ होर. चितगावचा माणूस, १९४३च्या बंगालच्या दुष्काळाने आणि तेभागा शेतकरी चळवळीने घडलेला चित्रकार, पुढे शांतिनिकेतनात शिकवायला गेलेला. १९७१पासून त्यांनी ‘वुंड्स’ ही मालिका केली. पांढऱ्यावर पांढरं. शाई नाही, रंग जवळजवळ नाही. मातीच्या किंवा मेणाच्या पाट्यावर सुरीने, तापवलेल्या हत्याराने घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा काढायचा आणि त्या साच्यात लगदा दाबून वाळवायचा. कागद सुटून येतो तो जखम घेऊनच. इथे सहयोगी कुणी नाही. एक माणूस आणि एक साचा.

पण या कागदाकडे नीट पाहा. काप दिसतो, ओरखडा दिसतो, फाटल्यासारखी ओठ उघडलेली चीर दिसते, आणि त्या चिरेतला एकही तंतू कापलेला नसतो. कागदावर कुणी सुरी चालवलेली नाही. तो जखमेच्या आकारात वाढला आहे. घाव सोसला मातीने, त्याचा वारसा कागदाकडे आला. दुष्काळ आणि युद्धं पाहिलेल्या माणसाने रक्ताचा रंग न वापरता हे केलं, याचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्या अखंड तंतूचं कौतुक अधिक वाटतं. एवढी अबोल आणि एवढी अचूक तांत्रिक निवड भारतीय मुद्राचित्रणात दुसरी मला ठाऊक नाही. राउशेनबर्गने साबरमतीकाठी शिकून घेतलं ते होर यांना चार वर्षं आधी, कुठलाही छापखाना पाठीशी नसताना, उमगलं होतं.

महाराष्ट्रात या कामाला लागणारी विद्या कमी नव्हती. पेशवे दप्तर ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदांवर टिकून राहिलं ते कागद्यांच्या हातचे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली, त्याआधी वर्ध्याला ग्रामोद्योगाच्या कामात कागद होताच. या सगळ्यांनी कलावंताला उत्तम कागद दिला. ओल्या कागदापाशी त्याला क्वचितच बोलावलं, आणि खरं सांगायचं तर त्यानेही फारसं विचारलं नाही. आमचे चित्रकार ताव विकत घ्यायला जात, हौद बघायला नव्हे.

सहीचा प्रश्नही इथे येतोच. मुद्राचित्राखाली कलावंताची सही असते, फार तर कोपऱ्यात कार्यशाळेची उठावाची खूण. हेलकावा देणाऱ्या मनगटाला त्या कोपऱ्यात जागा नसते. न्यूयॉर्कची द्यू डोने ही १९७६ साली सुरू झालेली कार्यशाळा मुळातच कलावंत आणि कागदकार यांनी शेजारी उभं राहून काम करावं यासाठी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज या चित्रकाराने २००९ साली तिथे ‘शीट्स ऑफ एव्हिडन्स’ हे पुस्तक केलं. पानं कोरी दिसतात. उजेडासमोर धरली की जलचिन्हातली चित्रं उमटतात. जलचिन्ह म्हणजे जाळीवर शिवलेल्या तारेच्या जागी लगदा पातळ बसणं. म्हणजे रेषा केंट्रिजची खरी, पण ती उमटायला लगदा सम बसायला हवा आणि ते काम हौदावरच्या माणसाचं. एकाचं चुकलं की दुसऱ्याचं काही उरत नाही. श्रेय वाटून देण्याचा याहून काटेकोर नमुना सापडणं अवघड.

राउशेनबर्गने १९८२ साली पुन्हा कागदाची वाट धरली. या वेळी चीनमधल्या आन्हुइ प्रांतातलं जिंगशियान, शुआन या चिनी हातकागदाचं माहेरघर. जेमिनायची माणसं याही वेळी सोबत होती. पण शुआन कागदाची कृती हे तिथलं गुपित. परक्यांना गिरणीत प्रवेश नाकारला गेला. त्याने बाहेर राहून मागणी नोंदवली, हवा तसा जाड, अनेक थरांचा कागद आतून करून आला, आणि त्यावर त्याने रेशीम, फिती, छापील प्रतिमा, सोन्याचा वर्ख आणि आरसे यांची जुळणी केली. ‘सेव्हन कॅरॅक्टर्स’ म्हणून ती मालिका प्रसिद्ध आहे. देखणी आहे, यात शंका नाही. कागद तर अहमदाबादच्या कागदापेक्षा कितीतरी सरस आहे. पण त्यात कुठेही कागद आणि इतर वस्तू यांची झटापट झालेली नाही. सगळं वरून ठेवलेलं आहे, नीट, अंतर राखून. कागद पुन्हा बैठक झाला आहे. ज्यांनी तो केला त्यांनी राउशेनबर्गला पाहिलं नाही, राउशेनबर्गने त्यांचा हौद पाहिला नाही, आणि ‘बोन्स’मधली एक साधी सुरकुती जेवढं सांगते तेवढं तो सगळा सोन्याचा वर्ख सांगू शकत नाही.